फ्लोरिडा पाठ, कऱ्हाड कोरं!

आपल्या आयटीवाल्यांच्या कँटीनमध्ये अमेरिकेची निवडणूक हा हक्काचा विषय. लिंकनची १८६०ची, रूझवेल्टची १९३२ची, केनेडी-निक्सनची १९६०ची... २००० साली बुश फ्लोरिडात ५३७ मतांनी जिंकला, हा आकडा तर तोंडपाठ! आणि टेबलावरचे निम्मे साताऱ्या-सांगलीकडचे. त्यांना विचारा, आपल्याकडच्या कुठल्या निवडणुकीनं इतिहास फिरवला? उत्तर ठरलेलं: "आपल्याकडं काय रे... जात, घराणं आणि पाकीट. काही बदलत नाही."

साफ चूक. आणि सोयीची चूक, कारण 'काही बदलत नाही' म्हटलं की मतदानाच्या दिवशी लोणावळ्याला जायला मोकळे!

१९५७ घ्या. महाराष्ट्र राज्य अजून जन्माला यायचं होतं, सांगली जिल्ह्याला दक्षिण सातारा म्हणत. यशवंतराव चव्हाण द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री. संयुक्त महाराष्ट्र समितीनं पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. प्रतिसरकारचे क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले. खुद्द मुख्यमंत्री कऱ्हाडमध्ये दोन हजारांहून कमी मतांनी कसेबसे वाचले. बोला, फ्लोरिडापेक्षा कमी थरार आहे?

आता तुम्ही म्हणाल, सरकार तर काँग्रेसचंच आलं. बरोबर. गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्यानं तारलं. पण पश्चिम महाराष्ट्र हातातून चाललाय, हे दिल्लीला मतपेटीतून कळलं. १ मे १९६०ला महाराष्ट्र झाला. त्यात मोठा वाटा आंदोलनाचा आणि हुतात्म्यांचा, हे खरंच. पण मोर्चाकडे एक वेळ दुर्लक्ष करता येतं, मतमोजणीकडे नाही. निर्णायक निवडणूक म्हणजे सरकार पाडणारीच असते असं नाही. जिंकलेल्याची झोप उडवणारीही निर्णायकच.

जुनं झालं म्हणता? मग २०१९. मे महिन्यात उदयनराजे भोसले राष्ट्रवादीकडून साताऱ्यात सव्वा लाखाहून जास्त मतांनी निवडून आले. सप्टेंबरमध्ये राजीनामा देऊन भाजपमध्ये गेले. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटलांनी त्यांना ८७ हजारांवर मतांनी पाडलं. पवारांची पावसातली सभा सगळ्यांना आठवते, पण मतं पावसानं नाही दिली, माणसांनी दिली. छत्रपतींच्या वंशजाला गादीवरचा मान वेगळा आणि मत वेगळं, हे सातारकरांनी पाच महिन्यांत सांगून टाकलं. हे 'घराण्याला मत' कसं काय बुवा?

सांगलीचं घ्या. १९६२पासून काँग्रेसचा गड. २०१४ला वसंतदादांचे नातू प्रतीक पाटील अडीच लाखांच्या आसपास मतांनी पडले. २०२४ला आघाडीच्या वाटाघाटीत जागा शिवसेनेच्या ठाकरे गटाला गेली. सांगलीकरांनी तो निकाल धुडकावून दादांचेच दुसरे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून लाखभर मतांनी निवडून दिले. आघाडीच्या अधिकृत उमेदवाराचं डिपॉझिट गेलं. हो, घराणं तेच आहे, नाकारत नाही. पण त्याच घराण्याला दहा वर्षांपूर्वी घरी बसवणारेही हेच मतदार. घराण्यात जन्मलं की तिकिटाच्या रांगेत पुढं उभं राहता येतं, निकाल मात्र मतदारच लावतात.

आणि एका मताची किंमत बघायची तर २०२४चं सातारा. उदयनराजे ३२,७७१ मतांनी जिंकले. पवार गटाचं चिन्ह 'तुतारी वाजवणारा माणूस', आणि एका अपक्षाला मिळालं पिपाणीसारखं चिन्ह, ज्याचं यादीतलं नाव 'तुतारी'! त्याला ३७ हजारांवर मतं. त्यातली किती चुकून पडली हे कुणी सिद्ध करू शकत नाही. पण फरकापेक्षा मोठा आकडा एका चिन्हापाशी अडकतो, तेव्हा हा इंटरफेसचा बग आपल्यासारख्यांनी ओळखायला नको? फ्लोरिडातल्या फुलपाखरू मतपत्रिकेवर आपण तासभर बोलतो, पिपाणीवर मात्र नुसते हसतो.

तर मंडळी, 'सिस्टीमच खराब आहे' म्हणणं म्हणजे लॉग न वाचताच तिकीट बंद करणं. नाव अजून गावच्या यादीत आहे ना? मग हिंजवडीहून सातारा काही सातासमुद्रापार नाही. गावी जाणं जमत नसेल तर फॉर्म ८ भरून नाव पुण्याच्या यादीत घ्या. दोन्ही करायचं नसेल तर खुशाल करू नका.

फक्त मग कँटीनमध्ये फ्लोरिडाचे ५३७ आम्हाला सांगू नका.