‘रा. रा.’ ते ‘ओएमजी’ : संक्षेपाने भाषा बिघडते काय?

१/ मीरा रोड वा भाईंदर स्थानकात लोकलची वाट पाहणारा तरुण मोबाइलवर ‘ओके’, ‘ओएमजी’, ‘जीएन’ लिहितो आणि भाषा बिघडल्याची तक्रार ऐकू येते. इतिहास तपासला तर ही तक्रार टिकत नाही. खरा धोका निराळा आहे.

२/ प्रथम इंग्रजी. ‘ओके’ हा १८३९ मध्ये बोस्टनच्या एका वृत्तपत्राने ‘ऑल करेक्ट’चे मुद्दाम अशुद्ध रूप घेऊन थट्टेने छापलेला संक्षेप. ‘ओएमजी’ १९१७ मध्ये ब्रिटिश नौसेनानी लॉर्ड फिशर यांनी चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात आढळतो. इंटरनेटचा तेव्हा मागमूसही नव्हता.

३/ मराठी पत्रव्यवहारही संक्षेपांनी भरलेला आहे. ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री, ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. पेशवाईतील पत्रांत चांद्रदिवसासाठी नुसता ‘छ’ पुरे. पत्र पोहोचल्याच्या नोंदीस ‘पै॥’, म्हणजे पैवस्ती. कारकुनालाही वेळ वाचवायचाच होता.

४/ परक्या शब्दांचे भयही जुनेच. घोडबंदर मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतले. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, पण ‘पगार’, ‘चावी’, ‘बादली’ हे शब्द मराठीत राहिले आणि मराठीच झाले.

५/ मग धोका कुठे? लिपीत. एका एसएमएसमध्ये रोमन लिपीची १६० अक्षरे मावत, देवनागरीची अवघी ७०. पैसे संदेशागणिक पडत. मराठी रोमन अक्षरांत लिहिण्याच्या सवयीला त्यामुळे बळ मिळाले. आज ती अडचण उरली नाही, सवय उरली. ‘के-ए-एल’ या तीन अक्षरांत काल, काळ, कल, कळ असे चारही शब्द एकच दिसतात. ‘ळ’ आणि ‘ण’ तर डोळ्यांआडच होतात.

६/ लिपी सुटली की काय होते, हे मोडीने दाखवले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळांतून शिकवली जाई. ती थांबली आणि पणजोबांचे खतपत्र पणतूला वाचता येईना. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील असंख्य कागद आजही मोजक्या जाणकारांवर अवलंबून आहेत. भाषा तीच असूनही वाचकास परकी झाली.

७/ देवनागरी शाळेत शिकवली जाते, म्हणून ती मोडीच्या वाटेने जाणार नाही, असे म्हणता येईल. परंतु मोडीही एके काळी शाळेत होती. रोजच्या हातवळणातून गेलेली लिपी केवळ पाठ्यपुस्तकाच्या आधारावर फार काळ तगत नाही.

८/ तेव्हा संक्षेप खुशाल करावेत. ‘जीएन’ऐवजी ‘शु. रा.’ लिहिले तरी निरोप पोहोचतो. फक्त तो देवनागरीत लिहावा.