कंपनीनं सोडलं, आपण का सोडायचं?

२३ आणि २४ जून २०२१ या दोन दिवसांत जगभरातल्या कित्येक घरांमधले ‘माय बुक लाइव्ह’ नावाचे डबे एकाएकी रिकामे झाले. वेस्टर्न डिजिटलची ही वस्तू साधी होती. आत हार्ड डिस्क, मागे नेटवर्कची वायर. राउटरला जोडली की घरातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना एक सामायिक कपाट मिळायचं. अशा डब्याला ‘नॅस’ म्हणतात. लोकांनी उघडून पाहिलं तर फोल्डरांची नावं जागेवर होती, आत मात्र काहीच नव्हतं. कुणीतरी बाहेरून ‘फॅक्टरी रीसेट’चा हुकूम सोडला होता आणि डब्यानं पासवर्ड न विचारता तो पाळला होता. पासवर्ड विचारणाऱ्या ओळी प्रोग्राममध्ये लिहिलेल्या होत्या, पण त्या चालणार नाहीत अशा करून ठेवलेल्या होत्या. एप्रिल २०११मधल्या फेरबदलात ही चूक शिरली, असं पुढे कंपनीनंच सांगितलं. या डब्यांना शेवटचं अपडेट मिळालं होतं २०१५ साली. मुलांचे वाढदिवस, आजोबांचे शेवटचे फोटो असं सगळं ज्या दारामागे ठेवलं होतं, त्याला दहा वर्षं कडीच नव्हती.

एप्रिल २०२४मध्ये डी-लिंकच्या नॅसची पाळी आली. डीएनएस-३२०एल, ३२५, ३२७एल आणि त्यांची भावंडं यांच्या फर्मवेअरमध्ये कंपनीनं स्वतःच कोरून ठेवलेलं एक खातं सापडलं, पासवर्ड नसलेलं. त्या खात्यातून आत शिरून डब्याला हवा तो हुकूम देता येत होता. कंपनीचं उत्तर दोन शब्दांत मावतं: निवृत्त करा. या मॉडेलांची मुदत संपली आहे, दुरुस्ती येणार नाही, नवीन घ्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच घराण्यात आणखी एक भगदाड सापडलं आणि उत्तरही तेच मिळालं.

हे उत्तर आपण निमूटपणे का मानायचं? डिस्क फिरते आहे, पंखा चालतो आहे, नेटवर्कचा दिवा लुकलुकतो आहे. संपली आहे ती कंपनीची इच्छा. लोखंडाला त्याची खबरही नाही. म्हणून हे आवाहन तुमच्या माळ्यावर, ऑफिसच्या कपाटात, फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत धूळ खात पडलेल्या नॅसच्या डब्यांसाठी आहे. ते भंगारवाल्याला देऊ नका. त्यांच्यावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम चढवता येते, आणि ज्यांच्यावर येते त्यांच्यावर ती आत्ताच चढवून घ्यायला हवी. आत्ताच का, ते पुढे सांगतो.

आधी या डब्यांच्या पोटात काय आहे ते पाहू. यांतले बहुतेक डबे म्हणजे छोटे लिनक्स कॉम्प्युटर. कंपन्यांनी कर्नल स्वतः लिहिला नाही. हजारो लोकांनी मिळून लिहिलेला, जीपीएल परवान्याखालचा कर्नल घेतला आणि वर आपली रंगीत पानं चढवली. परवान्याची अट एवढीच की ज्याला वस्तू विकाल त्याला सोर्स कोडही द्या. डी-लिंकच्या डीएसएम-जी६०० या नॅसच्या बाबतीत ती पाळली गेली नव्हती. कर्नलचा काही भाग लिहिणारे हॅराल्ड वेल्टे त्यावरून जर्मनीत कोर्टात गेले आणि सप्टेंबर २००६मध्ये फ्रँकफर्टच्या न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. म्हणजे या डब्यांवर आपला काही हक्क आहे ही हौशी लोकांची कल्पना नव्हे, ते कोर्टात टिकलेलं आहे. आज आपण त्यांवर डेबियन किंवा ओपनडब्ल्यूआरटी या मोकळ्या लिनक्स सिस्टीम चढवू शकतो, त्यामागे असे खटले आहेत, आणि रात्र रात्र सिरीयल पोर्टवरची अक्षरं वाचत बसलेली माणसं आहेत.

कित्येक डबे तर बिघडलेलेही नसतात, नुसते दिसेनासे होतात. जुन्या फर्मवेअरला फाइल-शेअरिंगची एसएमबी-१ ही एकच बोली येते आणि २०१७च्या अखेरच्या अपडेटपासून विंडोज १० नव्यानं टाकलं की ती बोली मुळात बसवतच नाही. नवा लॅपटॉप आला, नेटवर्कवर नॅस दिसेना, ‘गेला वाटतं’ म्हणून डबा माळ्यावर. मग कुणी जाणकार एसएमबी-१ पुन्हा चालू करून देतो. कृपा करून हे करू नका. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम याच बोलीतल्या भोकातून जगभर पसरला होता. लॅपटॉप मागे नेण्यापेक्षा डबा पुढे आणावा. नव्या सिस्टीमबरोबर आजच्या काळातला सांबा, म्हणजे फाइल-शेअरिंगचा प्रोग्राम, येतो आणि तोच डबा पुन्हा खिडकीत दिसू लागतो.

आता प्रत्यक्ष काम. सगळ्यात सरळ उदाहरण म्हणजे क्यूनॅपची टीएस-२१९ ही जात, दोन डिस्कांची, मार्व्हेल कर्कवूड प्रोसेसरची. हिच्यावर डेबियन कसं चढवायचं याची तपशीलवार टिपणं मार्टिन मिखलमायर यांनी वर्षानुवर्षं लिहून ठेवली, आणि या विषयात त्यांचे उपकार सगळ्यांवर आहेत. ना डबा खोलायचा, ना स्क्रीन जोडायचा. जुन्या फर्मवेअरमध्ये एसएसएच (दुरून हुकूम देण्याची सोय) चालू करायचं, आत शिरून आधी फ्लॅश मेमरीच्या सगळ्या भागांची प्रत काढायची आणि ती डब्याबाहेर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर ठेवायची. ही पायरी गाळणाऱ्याला पुढे कुणी वाचवू शकत नाही. मग डेबियनचा (क्यूनॅपसाठी डेबियन १०पर्यंतचाच) इन्स्टॉलर फ्लॅशमध्ये लिहायचा आणि डबा पुन्हा चालू करायचा. काही मिनिटं काहीच घडत नाही, आणि याच मिनिटांत घाबरून वीज बंद करण्याचा मोह होतो. थांबा. इन्स्टॉलर नेटवर्कवर आला की पुन्हा एसएसएचनं आत जायचं, आणि पुढे नेहमीसारखं डेबियन: भाषा, वेळ, डिस्कचे भाग, पासवर्ड. शेवटी क्यूकंट्रोल नावाचं छोटं पॅकेज टाकायला विसरू नका. पंखा, दिवे आणि बीप सांभाळणारं ते पॅकेज. जुनी सिस्टीम गेली की पंखा फिरवणारं कुणी उरत नाही, हे अनेकांना डिस्क तापल्यावर कळतं.

डी-लिंकच्या डीएनएस-३२३मध्ये वेगळीच गंमत आहे. डिस्कच्या मुळाशी ‘फन_प्लग’ नावाची फाइल दिसली की हा डबा चालू होताना ती मुकाट्यानं चालवतो. हे दार कुणी मुद्दाम ठेवलं की राहून गेलं, देव जाणे. पण त्यातून एक अख्खी पिढी आत शिरली. याच घराण्यासाठी ‘ऑल्ट-एफ’ नावाचं पर्यायी फर्मवेअर आहे आणि ते आधी फ्लॅशमध्ये न लिहिता, नुसतं चालवून बघता येतं. आवडलं तर लिहा, नाहीतर डबा बंद करून चालू केला की जुनं परत. ते मुख्यतः एका माणसाच्या मेहनतीवर उभं आहे, त्या फर्मवेअरचं वयही झालं आहे, तेव्हा ते घरातल्या नेटवर्कपुरतंच ठेवावं.

‘माय बुक लाइव्ह’चा प्रोसेसर पॉवरपीसी जातीचा. डेबियननं ती जात केव्हाच सोडली, ओपनडब्ल्यूआरटीनं धरून ठेवली आहे. मात्र ज्यांच्या डब्यात अजून माहिती आहे त्यांनी आधी ती नेटवर्कवरूनच उतरवून घ्यावी. त्याची डिस्क ६४ केबीच्या ठोकळ्यांत आखलेली असते. काढून साध्या पीसीला जोडली तर लिनक्ससुद्धा सहसा ती सरळ उघडत नाही, आडवाटेची साधनं वापरावी लागतात. डेटा रिकव्हरीच्या दुकानात याचेच पैसे मोजले जातात.

आणि काही डब्यांत सिरीयल पोर्टशिवाय इलाज नसतो. बोर्डावर चार पिना असतात, त्यांतल्या तीनच जोडायच्या: पाठवणारी, घेणारी आणि ग्राउंड. विजेच्या पिनेला हात लावायचा नाही, आणि केबल ३.३ व्होल्टचीच हवी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत यूएसबी-टीटीएल म्हणून मागितली की मिळते. ती जोडून डबा चालू केला की बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करणारा पहिला प्रोग्राम, बोलू लागतो, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो क्षण विसरता येत नाही.

एवढं करून हाती काय येतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. एवढ्याशा रॅमच्या या यंत्राकडून सिनेमे रूपांतरित करण्याची किंवा फोटोतले चेहरे ओळखण्याची अपेक्षा ठेवू नये. रात्री दोन वाजता आरसिंकनं घरातल्या दोन कॉम्प्युटरांची प्रत उतरवून घेणं, ऑफिसच्या स्कॅनरला जागा देणं, गावच्या ग्रंथालयानं स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची दुसरी प्रत सांभाळणं ही त्याची कामं. डिस्क मात्र नवी घाला. दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर जीव टाकू नका. आणि कितीही नवी सिस्टीम चढवली तरी राउटरमधून पोर्ट उघडून डबा इंटरनेटवर टांगू नका.

आता ‘आत्ताच का’ हा प्रश्न. दार बंद होत चाललं आहे आणि या वेळी ते कंपन्या बंद करत नाहीयेत. या जुन्या एआरएम डब्यांना चालणारी डेबियनची ‘आर्मेल’ नावाची शाखा आहे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेलं डेबियन १३ हे या शाखेचं शेवटचं प्रकाशन, आणि त्यातही तिच्यासाठी इन्स्टॉलर नाही, नॅसना चालणारा तयार कर्नलही नाही. ज्यात इन्स्टॉलर आहे असं शेवटचं प्रकाशन जून २०२३चं डेबियन १२, आणि त्याची नियमित मुदत तीन वर्षांची. त्यापुढचा रस्ता म्हणजे आधी १२ टाकायचं, मग आतली पॅकेजं १३ वर न्यायची आणि कर्नल स्वतः बांधायचा किंवा हौशी मंडळींनी बांधलेला घ्यायचा. कर्नल वाढत जातो, जागा वाढत नाही ही अडचणही आहेच: क्यूनॅपच्या फ्लॅशमध्ये कर्नलसाठी राखलेली जागा २ एमबी, म्हणून त्यांच्यासाठी तयार कर्नल डेबियन ११पासूनच बंद झाला. हे सगळं करणारी माणसं थोडी आहेत आणि ती दमतात. डेबियनला दोष देण्यात अर्थ नाही; काम करायला कुणी उरलं नाही की शाखा वाळते.

याच संदर्भातली एक घटना मला फार बोलकी वाटते. २०२२मध्ये लिनक्सच्या एआरएम भागाची देखभाल करणारे अर्न्ड बर्गमन यांनी जुन्या बोर्डांची यादी मांडली आणि विचारलं की यांतलं काय कुणी अजून वापरतं का. ज्यांच्यासाठी कुणी हात वर केला ते राहिले. ज्यांच्यासाठी केला नाही अशा शंभराहून अधिक बोर्डांच्या फाइली २०२३च्या सुरुवातीला काढून टाकण्यात आल्या. कुणाच्या तरी घरात त्यांतला एखादा बोर्ड तेव्हाही चालू असेल. पण त्याच्या मालकाला ठाऊकच नव्हतं की कुठे तरी हजेरी घेतली जाते आहे.

म्हणून पहिली विनंती हजेरीची. तुमचा डबा नव्या सिस्टीमवर चालला तर तसं संबंधित प्रकल्पाला कळवा, चालला नाही तर आवर्जून कळवा. चालू होताना सिरीयल पोर्टवर उमटणारा सगळा मजकूर जपून ठेवा आणि तक्रारीसोबत द्या. देखभाल करणाऱ्याला सहानुभूतीपेक्षा तो मजकूर उपयोगी पडतो. कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटचं फर्मवेअर आणि सोर्स कोड असेल तर आजच उतरवून घ्या, कारण ती पानं न सांगता नाहीशी होतात. आणि केलेलं काम मराठीत लिहून ठेवा. सांगली किंवा नांदेडच्या एखाद्या विद्यार्थ्यानं आपल्या भाषेत ते वाचलं, तर इंग्रजी टिपणांपुढे अडणारा हात पुढे सरकेल.

दुसरी विनंती अभियांत्रिकी महाविद्यालयांना. अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी दरवर्षी तोच हजेरीपट, तीच ग्रंथालय-प्रणाली बनवण्यापेक्षा एखाद्या गटाला एक सोडून दिलेला नॅस द्या. बूटलोडर, डिव्हाइस ट्री, क्रॉस-कंपायलर, परवाने हे सगळं त्या एका डब्यात आहे. सप्टेंबर २०२३मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीत भरली होती. या कामाचं जग आपल्यापासून फार लांब राहिलेलं नाही.

तिसरी मागणी सरकारकडे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विषय हाती घेतला. शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं, वाहनं अशी क्षेत्रं ठरवली आणि पोर्टलही उघडलं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३पासून लागू झाले, त्यांचा भर गोळा करून पुनर्चक्रीकरण करण्यावर. वितळवण्याआधी वापरण्याची सोय कुणी पाहायची? मागणी छोटी आहे: ज्या दिवशी उत्पादक एखाद्या उपकरणाचा आधार थांबवेल, त्याच दिवशी त्यानं बूटलोडरचं कुलूप उघडावं आणि पूर्ण सोर्स कोड सार्वजनिक करावा. स्क्रू-ड्रायव्हरचा हक्क देऊन सॉफ्टवेअरला कुलूप ठेवलं तर ती दुरुस्ती अर्धीच राहते.

या रविवारी माळा उघडा. डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर मॉडेलचा क्रमांक असतो, त्याच्याजवळ बारीक अक्षरात हार्डवेअरची आवृत्तीही असते. दोन्ही टिपून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांत प्रोसेसर निराळा निघू शकतो. डिस्क काढून बाजूला ठेवा, तिच्यातली माहिती वाचली जाईपर्यंत तिच्यावर काही लिहू नका. मग डेबियन आणि ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत तो क्रमांक शोधा. सापडला तर केबल आणायला निघा. नाही सापडला तर डबा उघडून बोर्डाचा स्वच्छ उजेडात फोटो काढा, चिपवरची अक्षरं वाचा आणि ती प्रकल्पाकडे पाठवा.