दारातला वॉचमन

कंपनीत शंभर पीसी असले तरी बाहेरच्या इंटरनेटचा दरवाजा बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे गेटवे. मग व्हायरसला प्रत्येक टेबलापर्यंत येऊ कशाला द्यायचं? दारातच अडवलेला बरा, नाही का?

सप्टेंबर 2001 मधला 'निमडा' घ्या. इन्फेक्टेड सर्व्हरवरचं पेज नुसतं उघडलं, की पॅच न केलेल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये त्याची फाईल आपोआप चालायची. पॅच मार्चमध्येच आला होता. पण शंभर मशीन्सवर तो टाकतंय कोण?

मात्र 'वाईट' साईट्सची यादी करून त्या ब्लॉक केल्या, की काम संपलं असं नाही. 2017 मध्ये पोलंडमधल्या बँकांमध्ये मालवेअर सापडलं, ते शिरलं होतं चक्क तिथल्या वित्तीय नियामकाच्या साईटवरून! ती साईट कोण ब्लॉक करणार? नुसता पत्ता बघून भागत नाही, आत येणारा मालही तपासावा लागतो.

खरी गोची इथेच आहे. आज बहुतेक साईट्स एचटीटीपीएसवर चालतात, म्हणजे बंद पाकीट. ते तपासायचं तर गेटवेला मध्येच उघडावं लागतं, आणि मग कर्मचाऱ्याचा बँकेचा पासवर्डही उघडा पडतो. माझं मत विचाराल तर कंपनीने पाकीट उघडावं, पण आधी सगळ्यांना सांगून, आणि बँक, हॉस्पिटल अशा साईट्स वगळून. तेवढा धोका राहील. त्यासाठी पीसीवरचा अँटिव्हायरस आहेच.

मित्रांनो, उद्या ही सेटिंग्ज आपल्यापैकीच कुणीतरी करणार आहे. वॉचमनने पिशवी जरूर तपासावी, पण आमची पत्रं वाचत बसू नये!