फुकटच्या ॲपला सांभाळतं कोण?

लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागतो. ब्राउझरचे वीस टॅब उघडे, सबमिशनची फाइल सेव्ह व्हायची आहे आणि माउसचा बाण जागचा हलत नाही. अशा वेळी तुम्ही काय करता? विंडोजवर असाल तर टास्क मॅनेजर उघडता. लिनक्सवर असाल तर बहुतेक जण 'एचटॉप' उघडतात. प्रोसेसर किती दमलाय, रॅम कुणी खाल्लीय, कोणता प्रोग्राम अडकून बसलाय, हे सगळं रंगीत पट्ट्यांमध्ये समोर येतं. तुम्ही गुन्हेगार शोधता, त्याला बंद करता आणि कामाला लागता. ते ॲप कुणी लिहिलं, आज ते कोण सांभाळतं, हा प्रश्न कुणालाच पडत नाही.

गेल्या काही वर्षांत घडलेल्या गोष्टी पाहिल्या तर तो पडायला हवा.

आकडा एक, भानगडी अनेक

एचटॉप हे हिशाम मुहम्मद या ब्राझिलियन प्रोग्रामरने २००४ मध्ये सुरू केलेलं ओपन सोर्स ॲप. म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. कुणीही वाचावा, बदलावा, फुकट वापरावा. तुम्हाला वाटेल, वीस वर्षांपूर्वी लिहिलं, चालतंय, मग आता काय काम उरलं?

काम संपत नाही, कारण हे ॲप ज्याच्याकडे बघतं ते मशीनच दर वर्षी बदलतं. एकाच प्रोसेसरमध्ये काही कोअर वेगवान आणि काही वीज वाचवणारे असतात, मग 'सीपीयू ५० टक्के' याचा अर्थ काय घ्यायचा? तापमान मोजणारे सेन्सर प्रत्येक मदरबोर्डवर निराळे. लिनक्स, मॅक आणि फ्रीबीएसडी या तिन्ही ठिकाणी तोच आकडा काढायची पद्धत वेगळी. साधं रॅमचंच घ्या. रिकामी मेमरी नुसती पडून राहू नये म्हणून लिनक्स तिच्यात नुकत्याच उघडलेल्या फाइल्स ठेवतं आणि गरज पडली की लगेच जागा मोकळी करतं. ही मेमरी 'वापरलेली' म्हणायची की 'रिकामी'? एका बाजूने मोजली तर लोक ओरडतात की रॅम भरली, दुसऱ्या बाजूने मोजली तर म्हणतात की ॲप खोटं बोलतंय. या प्रत्येक तक्रारीला उत्तर देणाऱ्या माणसाला मेंटेनर म्हणतात. प्रकल्पाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात. पगार मात्र बहुतेक वेळा कुणाकडूनच नसतो.

तीन शेवट

असा माणूस थकला की काय होतं? याची तीन उत्तरं आपल्यासमोर आहेत.

पहिलं एचटॉपचं. मूळ लेखकाकडून बराच काळ हालचाल नव्हती. तक्रारी आणि दुरुस्त्या साचत गेल्या. शेवटी वापरणाऱ्यांपैकीच काही जण पुढे आले, कोडची नवी शाखा काढली आणि ऑगस्ट २०२० मध्ये ३.० ही आवृत्ती आणली. आज एचटॉप एका माणसाच्या नाही, तर एका टीमच्या हातात आहे. हा सुखाचा शेवट.

दुसरं 'निओफेच'चं. तुमच्या कम्प्युटरची कुंडली टर्मिनलवर मांडणारं हे छोटं ॲप. लिनक्सवाल्यांच्या स्क्रीनशॉटमध्ये ते हमखास दिसायचं. त्याची शेवटची आवृत्ती २०२० मध्ये आली. एप्रिल २०२४ मध्ये लेखक डिलन अराप्स याने प्रकल्पाला कुलूप लावलं. कारण? आपण आता शेती करतो, एवढंच त्याने प्रोफाइलवर लिहिलं होतं. इंटरनेटवर मीम्सचा पाऊस पडला. लोक 'फास्टफेच'कडे वळले. हाही शेवट वाईट नाही, कारण इथे पर्याय तयार होता.

तिसरा शेवट भीतीदायक आहे. 'एक्सझेड' ही फाइल्स लहान करणारी लायब्ररी जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती वर्षानुवर्षं लासे कॉलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याने उघडपणे सांगितलं होतं की आपलं मानसिक आरोग्य बरं नाही आणि हे काम बिनपगारी छंदाचं आहे. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचा कुणीतरी मदतीला आला. दोनेक वर्षं त्याने नीट काम केलं, विश्वास कमावला, किल्ल्या मिळवल्या आणि मग कोडमध्ये चोरदरवाजा बसवला. तो पसरला असता तर जगभरातल्या असंख्य सर्व्हरमध्ये कुणालाही न कळता शिरता आलं असतं.

हे उघडकीला कसं आलं, ते वाचण्यासारखं आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारा अँड्रेस फ्रॉइंड हा इंजिनीअर वेगळ्याच कामासाठी मशीनचा वेग मोजत होता. त्याला दिसलं की लॉगिनची प्रोसेस विनाकारण जास्त सीपीयू खातेय आणि लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. तो खोदत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने जगाला सावध केलं. म्हणजे 'कोण किती सीपीयू खातंय' हे बघण्याची सवय, ज्यासाठी आपण ही ॲप्स उघडतो, तिनेच मोठं संकट टाळलं.

विंडोजवर वेगळी पंचाईत

विंडोजवर तापमान आणि पंख्यांचा वेग बघायला 'लिब्रे हार्डवेअर मॉनिटर' वापरतात. मागे पडलेल्या 'ओपन हार्डवेअर मॉनिटर'पासूनच ते फुटलेलं. साध्या प्रोग्रामला विंडोज थेट हार्डवेअरपर्यंत जाऊ देत नाही. त्यासाठी सिस्टीमच्या गाभ्यात चालणारा ड्रायव्हर लागतो. बरीच ॲप्स त्यासाठी 'विनरिंग०' हा जुना ड्रायव्हर वापरत होती. त्यातली सुरक्षेची त्रुटी २०२० मध्येच नोंदवली गेली होती. मार्च २०२५ मध्ये विंडोज डिफेंडरने त्याला धोकादायक ठरवून अडवायला सुरुवात केली आणि अनेकांची ॲप्स एका रात्रीत बंद पडली.

इथे मायक्रोसॉफ्टला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण त्रुटी खरी होती. प्रश्न असा की नवा ड्रायव्हर लिहायचा, तो तपासून घ्यायचा आणि त्यावर मायक्रोसॉफ्टला चालेल अशी डिजिटल सही मिळवायची, तर त्याला पैसा आणि कागदपत्रं लागतात. नोकरी सांभाळून रात्री कोड लिहिणाऱ्याने ती कुठून आणायची?

पैसा येतो, पण कुठे?

पैसा अजिबात नाही असं नाही. जर्मनीने २०२२ मध्ये सरकारी 'सॉव्हरिन टेक फंड' सुरू केला. आपल्याकडे बेंगळुरूच्या झेरोधाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्ससाठी वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. दोन्ही पावलं स्वागतार्हच. पण मदत देणारा साहजिकच आधी विचारतो की हे बंद पडलं तर कुणाचा धंदा अडेल? एखादी लायब्ररी हजारो कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, त्यामुळे तिला उत्तर देता येतं. डेस्कटॉपवरचं मॉनिटर ॲप कुणाच्याच उत्पादनाचा भाग नसतं. ते बंद पडलं तर कंपनी बुडत नाही, फक्त तुमची-माझी अडचण होते. म्हणून माझं मत असं की या छोट्या ॲप्सचा भार शेवटी वापरणाऱ्यांवरच येणार.

आणि इथे आपल्या पिढीचा हिशोब फारसा चांगला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एका ऑनलाइन उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो निरर्थक बदल मेंटेनरांच्या माथी मारले गेले. कुणी एक शब्द वाढवला, कुणी 'अमेझिंग प्रोजेक्ट' असं लिहिलं. त्यातले बरेच भारतातल्या एका लोकप्रिय यूट्यूब ट्युटोरियलची नक्कल होते. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले. आता एआयला विचारून न समजता लिहिलेल्या बग रिपोर्टची त्यात भर पडलीय. रेझ्युमेवर 'ओपन सोर्स काँट्रिब्यूटर' लिहायला आपल्याला पाच मिनिटं लागतात, पण तो कचरा उपसायला समोरच्याची सुट्टी जाते.

मग करायचं काय?

कोडिंग येत नसेल तरी करण्यासारखं बरंच आहे. तक्रार करण्याआधी ती कुणी आधीच नोंदवली आहे का, ते बघा. नोंदवायची असेल तर आवृत्ती, प्रोसेसर, नेमकं काय केल्यावर बिघडलं, हे सगळं लिहा. मेंटेनरचे दोन तास तिथेच वाचतात. दुसऱ्याची तक्रार तुमच्या मशीनवर तपासून 'माझ्याकडेही असंच होतं' किंवा 'होत नाही' एवढं सांगणंही मोलाचं. मराठी चांगलं असेल तर ग्नोम आणि केडीई या लिनक्स डेस्कटॉपच्या मराठी भाषांतराला हात लावा. त्यांची स्वतःची सिस्टीम मॉनिटर ॲप्स आहेत आणि 'प्रोसेस', 'थ्रेड', 'स्वॅप' यांना मराठीत काय म्हणायचं हे ठरवताना तुम्हालाही मशीन नीट कळेल. कोड येत असेल तर एकच ॲप निवडा आणि वर्षभर त्याच्यासोबत राहा. एचटॉप तगलं ते असे चार जण टिकून राहिले म्हणून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून बघणारे तुमच्या वर्गातही दिसतील. म्हणजे या फुकटच्या ॲप्सचे ग्राहक वाढणार आहेत. सांभाळणारेही त्याच प्रमाणात वाढले नाहीत, तर पुढचा 'जिया टॅन' मदतीचा हात पुढे करेल, तेव्हा एखादा दमलेला माणूस पुन्हा एकदा त्याला किल्ल्या देऊन मोकळा होईल. त्याच्याआधी तिथे तुम्ही पोहोचलात तर बरं.