पोरगं १४५ च्या वेगानं टाकतंय, पण त्याची पाठ तयार आहे का?

नोव्हेंबर २०११. जोहान्सबर्ग कसोटीत १८ वर्षांच्या पॅट कमिन्सनं पदार्पण केलं, दुसऱ्या डावात ६ विकेट्स काढल्या आणि सामनावीरही ठरला. त्याची पुढची कसोटी कधी झाली? थेट मार्च २०१७ मध्ये, रांचीत. मधली पाच वर्षं दुखापतींनी खाल्ली, त्यात पाठीचं दुखणं वारंवार उलटत राहिलं.

आपल्याकडेही हेच दिसतं. २०१८ चा १९ वर्षांखालील वर्ल्डकप गाजवलेल्या कमलेश नागरकोटीला कोलकात्यानं ३ कोटी २० लाखांना घेतलं. पण दुखापतीमुळे तो आयपीएलचे पहिले दोन हंगाम खेळूच शकला नाही. मयंक यादवनं २०२४ मध्ये २१ व्या वर्षी ताशी १५६.७ किमीचा वेग गाठला. त्या हंगामात तो चारच सामने खेळला. पुढे पाठीनंही त्रास दिला.

नेमकं होतं काय?

चेंडू सोडताना पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार पडतो. त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली असते, पिळलेलीही असते. हा ताण कमरेच्या खालच्या मणक्यांवर येतो. हाड रोज थोडं झिजतं आणि विश्रांतीत भरून निघतं. विश्रांतीच मिळाली नाही, तर बारीक चीर पडते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

तरुणांनाच का?

उंची वाढली, खांदे भरले, की मुलगा तयार झाला असं आपल्याला वाटतं. पण मणक्यांची हाडं विशीतही घट्ट होत असतात. म्हणजे वेग आधी येतो, हाडाची ताकद नंतर.

मग उपाय काय?

चेंडू मोजणं. इंग्लंडच्या क्रिकेट बोर्डानं त्यासाठी वयानुसार मर्यादा आखून दिल्या. १५ वर्षांखालील वेगवान गोलंदाजानं सलग ६ आणि दिवसभरात १२ षटकांपेक्षा जास्त टाकू नयेत, अशी ती मर्यादा.

आता मुंबईतल्या मैदानांवर या. चांगला गोलंदाज असला की तोच मुलगा शाळेकडून हॅरिस शील्ड खेळतो, क्लबकडून सामने खेळतो आणि संध्याकाळी अकादमीच्या नेटमध्येही टाकतो. प्रत्येक कोच आपल्यापुरती षटकं मोजतो. तिन्हीकडची बेरीज कोणाच्याच वहीत नसते.

ती वही घरी ठेवता येते. रोज किती चेंडू टाकले, एवढंच लिहायचं. आणि कमरेत एकाच बाजूला दुखत असेल, मागे वाकल्यावर ते वाढत असेल, तर बाम चोळून पुन्हा मैदानात पाठवू नका, डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीची चीर एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसू शकते. वेळीच कळलं तर काही महिन्यांच्या विश्रांतीत बहुतेकदा भागतं. उशीर झाला, तर कमिन्ससारखी पाच वर्षं वाट बघायची ऐपत प्रत्येक घराची नसते.