दात मोजणारं गाव, रंग बघणारं गिऱ्हाईक

‘हौसेला मोल नाही’ ही म्हण कुण्या दलालानंच काढली असावी, असा माझा पक्का संशय आहे. हौसेला मोल असतं आणि ते गिऱ्हाईकाच्या खिशातून जातं. विश्वास बसत नसेल तर वीस-पंचवीस वर्षांची फोर बाय फोर जीप विकत घ्यायला निघा.

माझं गाव जवळा बाजार. तालुका औंढा नागनाथ, जिल्हा हिंगोली. नावातच बाजार आहे, त्यामुळे भाव काढणं आम्हाला शिकवावं लागत नाही. आमच्याकडचा माणूस हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय हळदीचा भाव बोलत नाही. माळेगावच्या यात्रेत लालकंधारी गोऱ्हा घ्यायचा तर आधी त्याचं तोंड उघडतो. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. मग चालवून बघतो, खूर बघतो, खांद्याला हात लावतो. तोच माणूस जुनी जीप घ्यायला गेला की काय बघतो? रंग, मोठे टायर आणि पुढचा बंपर. इंजिन चालू केलं, धूर कमी दिसला, की म्हणतो, “मशीन एक नंबर आहे.” आणि हळदीच्या पट्टीतले लाखभर रुपये तिथंच मोजून देतो.

माझं म्हणणं सरळ आहे. जुन्या फोर बाय फोरचा योग्य भाव काढता येतो. तो गूढ नाही आणि ‘ज्याची त्याची आवड’ही नाही. तो निघू नये यात ज्यांचा फायदा आहे, तेच त्याला गूढ म्हणतात.

पहिला गैरसमज मोबाईलवरचा. आपल्या वयाचे सगळे आधी अ‍ॅप उघडतात. अमुक जीप साडेचार लाख, तमुक पाच लाख, म्हणजे ‘मार्केट रेट’ एवढाच. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून सांगतो, तिथं दिसते ती मागितलेली किंमत, मिळालेली नव्हे. शिवाय वाजवी भावाची गाडी चार दिवसांत विकली जाऊन यादीतून निघून जाते. अवाच्या सवा मागणारा आठ महिने तिथंच बसून राहतो. म्हणजे यादी कधीही उघडली तरी न विकलेल्या किमतीच जास्त दिसणार. बीटात कुणीच न उचललेल्या मालाकडे बघून हळदीचा दर ठरवण्यासारखं आहे हे.

विमा कंपन्यांचा तक्ताही इथं हात टेकतो. गाडीला सहा महिने होईपर्यंत पाच टक्के घट, मग पंधरा, वीस, करत करत पाचव्या वर्षाला पन्नास टक्के. पाच वर्षांनंतर तक्ता संपतो. पुढची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी परस्पर संमतीने ठरवायची. पंचवीस वर्षांच्या जीपला कुठलंही सूत्र सरसकट लागत नाही. तिचे दात तुम्हालाच मोजावे लागतात.

तर मोजू या.

पहिला दात, ती खरोखर फोर बाय फोर आहे का? हसू नका. कित्येक जुन्या गाड्यांचा पुढचा प्रोपेलर शाफ्ट कधीच काढून ठेवलेला असतो आणि लिव्हर नुसता शोभेला असतो. साधी परीक्षा आहे. सपाट जागी, मागच्या चाकांना दगड लावून, इंजिन बंद ठेवून फोर व्हील टाका. पुढच्या चाकाला हबचं कुलूप असेल तर ते लावा. मग पुढचं एक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवा. ते गरागरा फिरलं, तर पुढच्या चाकांना ताकद पोचतच नाही. तुम्ही जास्तीचे पैसे एका लिव्हरचे देताय. चाक अडलं, तर गाडी नांगरटीत न्या, लो गिअरमध्ये हळू चालवा आणि आवाज ऐका. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा करू नका. तिथं पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि चांगल्या गिअरचंही नुकसान होतं.

दुसरा दात चॅसी. छोटी हातोडी घेऊन खालून ठोकत जा. जिथं खणखणीत आवाज येत नाही, तिथं गंजावर रंग आहे. एमएच ०७, ०८ म्हणजे सिंधुदुर्ग, रत्नागिरी. खाऱ्या हवेतली गाडी असेल तर दुप्पट ठोका. मीटरवरच्या किलोमीटरकडे बघायची गरज नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलांची झीज जास्त खरं बोलते.

तिसरा दात कागद, आणि हाच सगळ्यात महाग. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढं पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीला त्याचं केंद्रीय शुल्क ५,००० रुपये झालं. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ते १०,००० केलं. मुदत संपल्यावर उशिराचे दर महिना ५०० वेगळे. तीन वर्षं कागद मेलेले असतील तर नुसते उशिराचेच १८,००० होतात. पर्यावरण कर आणखी निराळा. चॅसी नंबर, इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. इंजिन बदललेलं आणि नोंद नाही, तर ती गाडी नाही, ते भंगार आहे. दिल्ली पासिंगची ‘स्वस्तात मस्त’ गाडी दिसली तर का स्वस्त, ते विचारा. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर तिथं २०१५ पासून हरित लवादाचं आणि २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाचं बंधन आलं, म्हणून त्या इकडं ढकलल्या गेल्या.

आता हिशेब. समजा मागणी चार लाखांची आहे. तशीच पण धडधाकट, कागद सरळ असलेली जीप प्रत्यक्षात साडेतीन लाखांना गेल्याचं तुम्ही दोन विकणाऱ्यांकडून काढलंत. त्यातून पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्सफर केस ४५ हजार, टायर ३५, चॅसीचं वेल्डिंग २०, कागद १५ वजा करा. उरले दोन लाख पस्तीस हजार. न दिसलेल्या दुखण्यांचे आणखी २५ काढा. दोन लाख दहा. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गाडीचे वेगळे येतील. वजाबाकी मात्र हीच. यावर तुम्हाला हौसेचे तीस हजार द्यायचे असतील तर खुशाल द्या, फक्त वेगळ्या ओळीत लिहा. आपण लोखंडाचे किती देतोय आणि हौसेचे किती, हे माहीत असावं.

इथपर्यंत शहरातले माझे मित्र टाळ्या वाजवतात. म्हणून पुढचं त्यांच्यासाठी. योग्य भाव म्हणजे स्वस्त भाव नव्हे. पुण्याहून येऊन, पेरणीच्या तोंडावर अडलेल्या शेतकऱ्याच्या गोठ्यामागची जुनी जीप भंगाराच्या वजनाने उचलायची, दोन लाखांचं काम करून ‘क्लासिक’ म्हणून आठ लाखांना काढायची, आणि वर ‘काय डील मारली’ म्हणून फोटो टाकायचा. ही हुशारी नाही. अडत्याने अडलेल्याचा माल पाडून घेतला की आपण त्याला जे म्हणतो, तेच हे आहे. गाडी सुटी करून विकली तरी किती येतील, हे त्या माणसालाही कळायला हवं.

विकणाऱ्याचा दुसरा धोका याहून मोठा. कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी सोडली आणि नाव बदललं गेलं नाही, तर आरसीवरचा मालक तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलं. गाडी चार हात फिरली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाची. दोन लाखांना विकलेली जीप उद्या शेत घेऊन जाऊ शकते.

जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानं १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच निबंध लिहिला. विकणाऱ्याला सगळं ठाऊक, घेणाऱ्याला काहीच नाही. मग घेणारा प्रत्येक गाडी खराब धरूनच भाव करतो, चांगल्या गाडीचा मालक माघार घेतो आणि बाजारात भंगारच उरतं. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

आमच्या भागात हे जुनंच दुखणं आहे. पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव व्हायचे. दलाल आणि व्यापारी समजून जायचे, शेतकरी वरचा रुमाल बघत राहायचा. तो रुमाल उठावा आणि लिलाव उघड व्हावा, यासाठी बाजार समित्यांचे कायदे आले. जुन्या गाडीवरचा रुमाल अजून तसाच आहे. नवा रंग, शोभेचा लिव्हर, कोरा फॉर्म.

तो उचलायला कायदा लागत नाही, वहीचं एक पान लागतं. दुखणी, त्यांचा खर्च, कागदांची स्थिती, हौसेचे पैसे आणि नाव बदलण्याची तारीख. घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं समोरासमोर बसून लिहायचं, खाली दोघांनी सही करायची. जो सही करायला कचरतो, त्याच्याशी व्यवहार करू नका. मग तो जवळा बाजारचा असो की पुण्याचा.