पंख एक की दोन, हे शर्यत ठरवत नाही

दोन पंखांचं बायप्लेन जुनाट, एका पंखाचं मोनोप्लेन प्रगत आणि शर्यतींनी हे केव्हाच सिद्ध केलं, असा एक समज रूढ आहे. निकाल मात्र वेगळंच सांगतात. ऑगस्ट १९०९मध्ये फ्रान्समधल्या रीम्सला २० किलोमीटरच्या गॉर्डन बेनेट शर्यतीत ग्लेन कर्टिसच्या बायप्लेनने लुई ब्लेरियोच्या मोनोप्लेनला सहा सेकंदांहूनही कमी फरकाने मागे टाकलं. इंग्लिश खाडी उडून ओलांडल्याला ब्लेरियोला तेव्हा जेमतेम महिना झाला होता! १९१३मध्ये देपेर्दुसाँ मोनोप्लेनने ताशी २०० किलोमीटर गाठले. पण १९१४चा श्नायडर चषक मोनाकोत सॉपविथच्या बायप्लेनने नेला. इंजिन, वजन आणि वैमानिकाचा हात यांवर पारडं फिरत राहिलं.

आपल्याकडची शर्यत याहून बोलकी आहे. इंग्लंड-भारत अंतर एकट्याने उडून पार करणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. १९३०मध्ये ते अस्पी इंजिनियर यांनी जिंकलं, जे. आर. डी. टाटा आणि मनमोहन सिंग यांचं ते हुकलं. तिघांचीही विमानं जिप्सी मॉथ, म्हणजे बायप्लेनच. हलकं, सावकाश उतरणारं हे यंत्र लांबच्या, अनोळखी वाटेला सोयीचं होतं. १५ ऑक्टोबर १९३२ला कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणताना मात्र टाटांनी पुस मॉथ हे बंद केबिनचं मोनोप्लेन वापरलं. काम बदललं, तसं यंत्र बदललं. जमिनीने मात्र दोन्ही यंत्रांना सारखंच अडवलं असतं: पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जाई आणि टपाल पुण्याहून चालवावं लागे. काळ्या रानात पावसानंतर चाक कसं रुततं, हे ठाऊक असणाऱ्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको.

कुणी म्हणेल, शेवटी मोनोप्लेनच टिकलं ना? टिकलं, हे खरं. पण एकाच पंखाला सगळा भार पेलायचा तर आतली बांधणी भक्कम हवी, आणि ती परवडायला जोरदार इंजिन व धातूकाम लागतं. तोवर दोन पंख, मधले खांब आणि ताणलेल्या तारा यांचा सांगाडा कमी वजनात जास्त बळ देत होता. पुस मॉथचे पंख हवेत तुटून अपघात झाले आणि त्याची बांधणी सुधारावी लागली. बायप्लेन बनवणाऱ्यांना मागासलेले म्हणणं म्हणूनच अन्यायाचं आहे. पुस मॉथ बनवणाऱ्या डी हॅविलँडनेच त्यानंतर १९३४मध्ये ड्रॅगन रॅपिड हे प्रवासी विमान काढलं, दोन इंजिनांचं आणि दोन पंखांचं. पुढे ते टाटांच्या ताफ्यातही आलं.